वर्गाचा ब्लॉग : खर्च किती आणि कशावर

वर्गाचा ब्लॉग काढायचा असेल तर पहिल्या वर्षी त्याच्या जागेसाठी एक रुपयाही मोजू नका. 'शाळेची वेबसाइट करून देतो' म्हणणाऱ्यांची कोटेशनं हजारांच्या घरात जातात. मुलांचं लेखन लोकांपुढे ठेवायला गूगलची ब्लॉगर ही मोफत सेवा पुरते. शाळेच्याच नावाचा पत्ता हवा असला तर 'डॉट इन'ला वर्षाला साधारण ६०० ते १,००० रुपये पडतात, वर १८ टक्के जीएसटी. जाहिरातीतला स्वस्त दर बहुधा पहिल्या वर्षापुरता असतो, म्हणून नूतनीकरणाचा दर आधी विचारा.

गूगलचं खातं वर्गासाठी वेगळं उघडा. मोफत मिळणारी १५ जीबी जागा ईमेल, फोटो आणि फाइली यांच्यात वाटली जाते, ती तुमच्या घरच्या फोटोंनी भरायला नको. मुख्याध्यापकांनाही ब्लॉगचे प्रशासक करून ठेवा. जिल्हा परिषदेच्या शाळेत बाईंची बदली झाली की ब्लॉग तिथेच थांबतो, आणि दोन वर्षं न वापरलेलं खातं गूगल काढूनही टाकू शकतं.

खरी किंमत आहे ती शिक्षकाच्या वेळेची. तीस मुलांचं लेखन प्रत्येकी दहा मिनिटं वाचायचं तर पाच तास गेले. एवढा वेळ दर आठवड्याला कुणाकडेच नसतो. सहा-सहांचे पाच गट करा, आठवड्याला एका गटाची पाळी. मग तासाभरात भागतं आणि प्रत्येक मूल पाच आठवड्यांनी पुन्हा लिहितं.

टायपिंगसाठी पैसे देऊ नका. मुलांनी वहीत लिहावं, मग एकाने ते शिक्षकांच्या फोनवर वाचून दाखवावं. गूगलचा जीबोर्ड हा कीबोर्ड बोललेलं मराठी मोफत लिहून घेतो. त्यात विरामचिन्हं गळतात, ऱ्हस्व-दीर्घ चुकतात, गावाकडचा एखादा शब्द भलताच उमटतो. हे दुरुस्त करायचं काम मुलांनाच द्या. आपलं वाक्य लोक वाचणार आहेत हे कळलेलं मूल वेलांटीसाठी जितकं भांडतं तितकं शुद्धलेखनाच्या तासाला भांडत नाही. ब्लॉग वर्गात आणायचा तो यासाठी.

२०२३ च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्यात १८ वर्षांखालच्या मुलांची माहिती वापरायला पालकांची पडताळता येणारी संमती घेण्याची तरतूद आहे. संमतिपत्रांच्या झेरॉक्सला तीस मुलांचे पन्नास-साठ रुपये धरा. ही काटकसर करायची जागा नव्हे. लेखाखाली फक्त पहिलं नाव द्या. चेहऱ्याचे फोटो नकोत. प्रतिक्रिया शिक्षकांनी वाचल्यावरच दिसतील अशी सोय सेटिंगमध्ये आहे, ती पहिल्याच दिवशी लावा.

हातात थोडे पैसे उरलेच तर ब्लॉगवरच्या लेखांच्या छपाईवर घाला. पानाला दोन रुपये धरले तर तीस पानांची प्रत साठ रुपयांत होते. अशा चार-पाच प्रती काढून, ज्यांच्या घरी नेटपॅक नाही त्या मुलांकडे आधी पाठवा.