बाई कोसळली तर हात मागे घेऊ नका

माझी धाकटी जाऊ अंबरनाथ पूर्वेला, स्टेशनाबाहेर शेअर रिक्षाच्या रांगेत कोसळली. संध्याकाळची वेळ, कर्जत लोकल नुकतीच येऊन गेलेली, माणसांना तोटा नव्हता. ओळखीच्या रिक्षावाल्या दादांनी फोन केला. कानसईतून मी धावत पोहोचले तोवर तिला रिक्षात घालून नेलं होतं. ती वाचली नाही. वय 52.

मधल्या वेळात काय घडलं, ते मला दादांनी आणि रांगेतल्या बायकांनी सांगितलं. तिचं हृदय बंद पडलं होतं. तिला आचके आले, म्हणून फिट समजून कुणी कांदा हुंगवला, कुणी चप्पल. कुणी तोंडात पाणी घातलं. ओढणी नीट केली. "कुणी लेडीज आहे का, पुढे या," असं दोघातिघांनी ओरडून विचारलं. आनंदनगर एमआयडीसीत काम करणाऱ्या एका मुलाला छाती दाबण्याचं प्रशिक्षण मिळालेलं होतं. तो तिच्याजवळ गुडघ्यावर बसलाही, पण हात पुढे झाला नाही. "कुणी व्हिडिओ काढला तर काय सांगू?" असं तो दादांना म्हणाला. त्या मुलावर माझा राग नाही. तो ज्या पुतळ्यावर शिकला, त्यात बाई नव्हतीच.

सरावाचा सर्वांत प्रसिद्ध पुतळा म्हणजे 1960 साली आलेली 'रिसुसी ॲन'. तिचा चेहरा तरुणीचा, छाती मात्र सपाट. आजही बहुतेक पुतळे सपाट छातीचेच असतात. अमेरिका आणि कॅनडातला एक मोठा अभ्यास 2018 मध्ये प्रसिद्ध झाला. सार्वजनिक ठिकाणी हृदय बंद पडलेल्या पुरुषांपैकी 45 टक्क्यांना आसपासच्या लोकांनी सीपीआर दिला, म्हणजे छाती दाबली, बायकांपैकी 39 टक्क्यांना. घरात कोसळलेल्यांमध्ये हा फरक जवळजवळ दिसला नाही. म्हणजे अडतं ते परक्या बाईला हात लावताना. आणि उशीर परवडत नाही: छाती दाबली नाही तर दर मिनिटाला वाचण्याची शक्यता 7 ते 10 टक्क्यांनी घटते. शॉक देऊन सुधारेल अशी हृदयाची लय बायकांमध्ये पुरुषांपेक्षा कमी वेळा सापडते. म्हणून त्यांच्यासाठी दाबणारे हात फारच मोलाचे.

आता नीट वाचा. माणूस हाक मारून, खांदे हलवून प्रतिसाद देत नाही आणि श्वास नीट चालत नाही, दाबायला सुरुवात करायला एवढं पुरे. मधूनच येणारे आचके, घुर्र आवाज म्हणजे श्वास नव्हे. एकाने 108 ला फोन लावून स्पीकरवर ठेवायचा. दुसऱ्याने छातीच्या मधोमध, दोन स्तनांच्या मधल्या हाडाच्या खालच्या अर्ध्या भागावर तळहाताची टाच ठेवायची, त्यावर दुसरा हात, कोपर ताठ. हात हाडावर असतो, स्तनावर नाही. साधारण 5 सेंटिमीटर खोल, मिनिटाला 100 ते 120 वेळा, दर दोन मिनिटांनी माणूस बदलून. दाबण्यासाठी साडी-ब्लाउज काढावा लागत नाही. बरगडी मोडेल म्हणून थांबू नका, बरगडी जुळते.

शॉकचं मशीन मिळालं तर पट्ट्या मात्र उघड्या त्वचेवरच लागतात: एक उजव्या कॉलरबोनखाली, दुसरी डाव्या काखेखाली, स्तनाच्या बाजूला. त्यासाठी कपडा बाजूला करावाच लागतो. मंगळसूत्राला हात लावायला आपल्याकडे माणसं कचरतात; ते खुशाल सरकवा, पट्टी धातूवर यायला नको. बाई गरोदर असेल तरी दाबायची जागा तीच. पोट मोठं दिसत असेल तर दुसऱ्याने ते हातांनी तिच्या डाव्या बाजूला ढकलून धरावं. आडोसा हवाच असेल तर चौघींनी ओढण्या धराव्यात, पण दाबणं त्यासाठी थांबायला नको.

राहिली कायद्याची भीती. ज्याची संमती घेणंच शक्य नाही, अशा माणसाच्या भल्यासाठी सद्हेतूने केलेल्या कृतीला भारतीय न्याय संहितेच्या कलम 30 चं संरक्षण आहे. जुन्या दंड संहितेत हेच कलम 92 होतं.

जावेचं आणखी एक सांगायला हवं. काही दिवस तिचा जबडा आणि पाठ दुखत होती, जिना चढताना धाप लागत होती. सगळ्यांनी ॲसिडिटी म्हटलं. छातीत कळ आली नाही तरी बायकांमध्ये अशी लक्षणं हृदयविकाराची असू शकतात. त्याच दिवशी ईसीजी काढून घ्या.

भूलतज्ज्ञांच्या संघटनेची 'कॉल्स' पद्धत, म्हणजे फक्त छाती दाबणं, कुणालाही शिकता येते. सोसायटीत, गणेश मंडळात, कंपनीत त्याचं शिबिर भरवाल तेव्हा शिकवणाऱ्यांना सांगा, पुतळ्याला कापडाचे बोळे भरलेली ब्रा घाला, वर ओढणी टाका, आणि प्रत्येक पुरुषाला त्यावर दाबायला लावा. आणि बायांनो, घरातल्या मुलांना, पुरुषांना आजच सांगून ठेवा: मी पडले तर लाजू नका, छाती दाबा, आणि रस्त्यात दुसरी कुणी पडली तर तिचीही.