हन्नाचा झगा आणि आपल्या नाताळच्या भेटी



आगमनकाळ सुरू झाला की आपल्या घरांत दोन तयाऱ्या एकदमच चालू होतात. एक अंतःकरणाची आणि दुसरी बाजाराची. पहिलीसाठी आपण वेळ काढतो की नाही हे ज्याचे त्याने पाहावे; पण दुसरीची यादी मात्र दरवर्षी वाढतच जाते. कुणाला काय द्यायचे, गेल्या वर्षी त्यांनी आपल्याला काय दिले होते, आपले कमी तर दिसणार नाही ना, या हिशेबात डिसेंबर महिना संपतो. काही घरांत तर नाताळच्या खरेदीचे हप्ते उपवासकाळ येईपर्यंत फेडले जातात. जी भेट आनंदासाठी द्यायची, तिचेच ओझे झाले आहे.

म्हणून आजच्या पाठासाठी आम्ही एक साधा विषय निवडला आहे: स्वतःच्या हाताने केलेली भेट. लोकरीचे टोपडे, क्रोशाचा रुमाल, जुन्या मऊ साड्यांची गोधडी, कामट्या आणि पतंगाचा कागद यांचा तारा. या गोष्टी केवळ स्वस्त पडतात म्हणून नव्हे, तर त्यांच्यात भेटीचा मूळ अर्थ टिकून आहे म्हणून. पवित्र शास्त्र या बाबतीत काय शिकवते ते आपण पाहू.

१. दरवर्षी एक झगा

शमुवेलाच्या पहिल्या पुस्तकातील हन्नाची कथा आपल्याला ठाऊक आहे. तिला मूल नव्हते. शिलो येथील मंदिरात तिने रडून प्रार्थना केली, नवस केला, आणि शमुवेल जन्मला. दूध तुटल्यावर तिने त्याला मंदिरात एली याजकाकडे सोपवले. येथवरची कथा आपण मिस्सामध्ये ऐकतो. परंतु दुसऱ्या अध्यायाच्या एकोणिसाव्या वचनात एक लहानशी नोंद आहे, ती सहज नजरेतून निसटते. शमुवेलाची आई दरवर्षी त्याच्यासाठी एक छोटा झगा करी आणि वार्षिक यज्ञासाठी नवऱ्याबरोबर जाताना तो घेऊन जाई.

या एका वाक्यावर थोडे थांबू या. मुलगा दूर आहे. वर्षातून एकदाच भेट होते. मग झगा कोणत्या मापाचा करायचा? गेल्या वर्षीचे माप चालणार नाही. मूल किती वाढले असेल, खांदे किती रुंदावले असतील, हे हन्नाला घरी बसून मनात मोजावे लागत असणार. म्हणजे झगा करण्याचे सारे दिवस तिचे मूल तिच्या डोळ्यांपुढे असणार. झगा हातात पडला तो एका दिवशी. पण ती भेट त्याआधी कितीतरी दिवस चालू होती.

हाताने केलेल्या भेटीचा पहिला धडा येथे आहे. विकत घेताना आपण वस्तू निवडतो. करताना आपल्याला माणसाचे माप घ्यावे लागते. ज्याचे माप घ्यायचे त्याच्याकडे नीट पाहावे लागते. घरातल्या माणसांकडे आपण शेवटचे असे कधी पाहिले, हा प्रश्न प्रत्येकाने स्वतःला विचारावा.

२. यापोच्या विधवा

दुसरे उदाहरण प्रेषितांची कृत्ये या पुस्तकाच्या नवव्या अध्यायात आहे. यापो हे समुद्रकाठचे बंदर. आज ते तेल अवीव शहराचा भाग आहे. तेथे टबीथा नावाची एक ख्रिस्ती बाई राहत होती. ग्रीक भाषेत तिचे नाव दुर्कस, म्हणजे हरिणी. संत लूकने तिच्यासाठी ‘शिष्या’ असा स्त्रीलिंगी शब्द वापरला आहे, आणि संपूर्ण नव्या करारात हा शब्द याच एका ठिकाणी येतो. ती प्रवचन करत होती असे लूक सांगत नाही. ती दानधर्म करत होती आणि कपडे शिवत होती.

ती वारली तेव्हा पेत्राला बोलावण्यात आले. माडीवरच्या खोलीत विधवा रडत उभ्या होत्या. त्यांनी तिचे गुणगान केल्याचे लूक लिहीत नाही. टबीथाने करून दिलेले अंगरखे आणि वस्त्रे त्या पेत्राला दाखवू लागल्या, एवढेच तो सांगतो. काही अभ्यासकांच्या मते मूळ ग्रीक क्रियापदाचा रोख असा आहे की, ते कपडे त्या विधवांच्या अंगावरच होते. एखाद्याच्या मृत्यूनंतर त्याच्याविषयी बोलायला शब्द नव्हे, तर कपडे पुढे यावेत, याहून मोठी साक्ष कोणती? पुढे एकोणिसाव्या शतकात इंग्लंड-अमेरिकेतील अनेक चर्चमध्ये गरिबांसाठी कपडे शिवणाऱ्या महिलांची मंडळे निघाली, त्यांना ‘डॉर्कस सोसायटी’ हेच नाव मिळाले.

३. चार सुया आणि एक चित्र

उत्तर जर्मनीतील बुक्स्टेहुडे येथील एका मठाच्या वेदीसाठी सन १४०० च्या सुमारास काढलेले एक चित्र आहे. मास्टर बर्ट्राम या चित्रकाराच्या किंवा त्याच्या कार्यशाळेच्या नावावर ते सांगितले जाते आणि सध्या ते हँबुर्गच्या कलासंग्रहालयात आहे. या चित्रात पवित्र मरिया चक्क विणत बसली आहे. चार सुयांवर गोल विणलेला लहान अंगरखा गळ्यापर्यंत आला आहे. जवळ बाळ येशू गवतावर पुस्तक उघडून पहुडला आहे, शेजारी त्याचा भोवरा पडला आहे. मागून देवदूत येत आहेत आणि त्यांच्या हातांत क्रूस व भाला आहे.

गोल विणल्यामुळे त्या अंगरख्याला शिवण नाही. क्रूसाखाली शिपायांनी ज्या बिनशिवणीच्या अंगरख्यावर चिठ्ठ्या टाकल्या (योहान १९:२३-२४), त्याची चित्रकाराने आठवण करून दिली आहे. तो अंगरखा मरियेने केला असे शुभवर्तमानात लिहिलेले नाही. ते भक्तांचे मनन आहे. मात्र संत लूकने एक गोष्ट स्पष्ट लिहिली आहे. बाळ जन्मल्यावर मरियेने स्वतःच्या हाताने त्याला बाळंत्यात गुंडाळले. मेंढपाळांना देवदूताने जी खूण सांगितली तीही हीच: बाळंते आणि गव्हाणी. जगाच्या तारणाऱ्याची ओळख एका आईने गुंडाळलेल्या कापडावरून पटावी, ही देवाची योजना होती.

४. भेट आणि आहेराची वही

आता थोडा विचाराचा भाग. फ्रेंच अभ्यासक मार्सेल मॉस यांनी १९२५ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या निबंधात दाखवून दिले की, अनेक समाजांत भेटीच्या पाठीमागे तीन बंधने असतात: देणे, स्वीकारणे आणि परतफेड करणे. आपल्याला हे समजायला दूर जायला नको. लग्नातली आहेराची वही आपण सर्वांनी पाहिली आहे. कुणी किती दिले ते लिहून ठेवायचे आणि त्यांच्या घरी कार्य निघाले की वही उघडायची. अडीअडचणीला या रीतीने आधार दिला आहे, तिला नावे ठेवण्याचे कारण नाही. पण नाताळची भेटही त्याच वहीत जाऊन बसली, तर ज्याच्याकडे परत द्यायला काही नाही तो आपोआप यादीतून गळतो. प्रभू येशूने तर उलट सांगितले: जे परतफेड करू शकत नाहीत त्यांना मेजवानीला बोलवा (लूक १४:१२-१४).

हाताने केलेली भेट या वहीत सहज बसत नाही, कारण तिची किंमत लावता येत नाही. वीस संध्याकाळी बसून विणलेल्या स्वेटरचे रुपये किती? शिवाय ती देणाऱ्यालाही बदलते. अॅरिस्टॉटलने आपल्या नीतिशास्त्राच्या नवव्या भागात म्हटले आहे की कारागिराचे स्वतःच्या कृतीवर प्रेम जडते, कारण तिच्यात त्याचे स्वतःचे अस्तित्व उतरलेले असते. पोप दुसरे जॉन पॉल यांनी १९८१ च्या श्रमविषयक परिपत्रकात हीच गोष्ट ख्रिस्ती अर्थाने मांडली: कामाचे मोल केवळ तयार झालेल्या वस्तूवरून ठरत नाही, काम करणारा माणूस आहे यावरून ठरते. आपल्या घरात ज्या आजीला आता कुणी काही विचारत नाही, तिच्या हातात सुया द्या आणि पाहा. तिला करमणूक दिली असे होत नाही. तिची घरातली जागा तिला परत मिळते.

५. हाताची भेटही चुकू शकते

हाताने केले म्हणजे सगळे पवित्र झाले, असे मात्र नाही. तीन गोष्टी सांभाळाव्यात.

पहिली, आपल्याला जे करायला आवडते ते नव्हे, तर समोरच्याला जे उपयोगी आहे ते करावे. आपल्या दमट हवेत जाड लोकरीचा स्वेटर कपाटातच राहील. त्याच सुयांवर सुती दोऱ्याचे काहीतरी विणले तर वापरात येईल.

दुसरी, हे काम घरातल्या बायकांवर आणखी एक ओझे होऊ नये. पहाटेची गाडी पकडून रात्री घरी परतणाऱ्या भगिनीने स्वेटर विणला नाही म्हणून तिचे प्रेम कमी ठरत नाही. निवासमंडपाच्या कामासाठी परमेश्वराने बसालेलाला आपल्या आत्म्याने भरले असे निर्गमच्या पस्तिसाव्या अध्यायात सांगितले आहे, आणि त्याच अध्यायात सूत कातणाऱ्या स्त्रियाही आहेत. पुरुषांनी आणि मुलग्यांनीही हात लावावा. तारा बांधणे, गोठ्यासाठी लाकूड कापणे, आजोबांच्या खुर्चीचा मोडका पाय बसवणे, याही भेटीच आहेत.

तिसरी, ज्यांना स्वतः करता येत नाही त्यांनी करणाऱ्याकडून विकत घ्यावे, पण घासाघीस करू नये. विणकामावर घर चालवणाऱ्या बाईला तिच्या श्रमाचा योग्य दाम देणे हा न्यायाचा भाग आहे.

६. या वर्षी आपल्या धर्मग्रामासाठी

आम्ही एक सूचना पुढे ठेवतो. सरकारी रुग्णालयात जन्मणाऱ्या बाळांपैकी काहींचे वजन अडीच किलोपेक्षा कमी असते. अशी बाळे लवकर थंड पडतात. अंगाच्या मानाने डोके मोठे असल्यामुळे तेथून ऊब फार जाते. कोलंबियातील बोगोटा शहरात १९७८ साली डॉक्टरांनी सुरू केलेल्या ‘कांगारू’ पद्धतीत अशा बाळाला आईच्या उघड्या छातीशी बांधून ठेवतात. त्याच्या अंगावर लंगोट, पायांत मोजे आणि डोक्यावर टोपडे एवढेच असते. ही पद्धत आज आपल्या देशातही वापरली जाते. ते टोपडे आपण विणू शकतो.

पूर्ण दिवसांच्या बाळाच्या डोक्याचा घेर साधारण ३३ ते ३५ सेंटिमीटर असतो. विणकाम ताणले जाते, म्हणून टोपडे सुमारे ३२ सेंटिमीटरचे धरावे. आधी छोटा नमुना विणून मोजा. १० सेंटिमीटरमध्ये २२ टाके बसत असतील, तर ३२ सेंटिमीटरला सुमारे ७० टाके होतात. दोन सुलटे-दोन उलटे विणायचे तर चाराने भाग जाणारा आकडा हवा, म्हणून गोल विणताना ७२ घ्या. दोन सुयांवर विणून मागे शिवणार असाल तर ७४. कमी वजनाच्या बाळासाठी याहून लहान लागेल. बटण, मणी, फीत, लोंबता दोरा काहीही लावू नये, कारण ते बाळाच्या तोंडात किंवा गळ्यात जाऊ शकते. केसाळ लोकर टाळावी. रोज धुता येईल असाच दोरा घ्यावा आणि टोपडे धुऊन, वाळवून द्यावे. घरी वापरतानाही टोपडे केव्हा घालायचे आणि केव्हा काढायचे हे डॉक्टरांना किंवा नर्सला विचारावे.

कुणीही परस्पर रुग्णालयात जाऊ नये. प्रसूती विभागातील सिस्टरना माप, संख्या आणि ते घेतात की नाही हे आधी विचारले जाईल. विणलेली टोपडी चर्चच्या कार्यालयात द्यावीत. पाकिटावर नाव लिहू नये. ज्या बाळाला ती जातील त्याचा धर्म आपण विचारणार नाही आणि त्याच्या आईला आपले नाव कळणार नाही. आहेराच्या वहीत न बसणारी भेट ती हीच.

७. चार रविवार, चार पायऱ्या

पहिल्या रविवारी एका माणसाची निवड करा. शक्यतो परत काही देऊ न शकणाऱ्याची. दुसऱ्या रविवारी त्याला भेटून त्याची गरज ओळखा. तिसऱ्या, आनंदाच्या रविवारी कुटुंबाने एकत्र बसून कामाला हात लावावा. तेवढा वेळ टीव्ही आणि मोबाइल बंद असावेत, विणताना रोझरीचा एक दशक म्हणता येतो. चौथ्या रविवारी काम पुरे करा. एखादा टाका चुकला तर उसवून पुन्हा विणा. भेट लहान असली तरी निष्काळजी नसावी.

नाताळचे रहस्य शेवटी हेच आहे. देवाने आपल्याला दुरून काही पाठवले नाही. त्याने आपले माप घेतले, आणि आपल्याच मापाचे शरीर धारण करून तो आपल्यामध्ये राहिला. त्या देणाऱ्याकडून देणे शिकायला चार आठवडे हाताशी आहेत.

गटचर्चेसाठी प्रश्न

१. आपल्या घरी आलेली कोणती हाताने केलेली वस्तू आजही जपलेली आहे? ती कुणी केली होती?
२. आपल्या भेटींच्या यादीत परतफेड करू न शकणारे किती जण आहेत?
३. आपल्या वाडीत विणकाम, शिवण किंवा सुतारकाम जाणणारी कोणती वडीलधारी माणसे आहेत? मुलांना त्यांच्याकडे केव्हा पाठवता येईल?

प्रभू आपल्या हातांच्या कामाला आशीर्वाद देवो.