पोलिसांच्या गाडीची पादचाऱ्याला धडक बसली तर काय करावं?

नांदूरघाट हे बीड जिल्ह्यातल्या केज तालुक्यातलं बाजारपेठेचं गाव. आसपासच्या वाड्या-वस्त्यांवरची माणसं दवाखान्याला, शाळेला, बाजाराला इथे येतात आणि रस्त्याच्या कडेने चालतात. २०२२ साली देशात रस्ते अपघातांत १,६८,४९१ माणसं गेली. त्यांतली ३२,८२५ पायी चालणारी होती.

धडक देणारी गाडी खासगी असेल तर पुढची वाट ठरलेली असते. पोलिसांची असेल तर पंचनामा करणारे, जबाब घेणारे आणि गाडी ताब्यात घेणारे हात त्याच खात्याचे असतात. म्हणून या कृतीचं मुख्य सूत्र एकच आहे: पहिल्याच दिवशी घटनेची नोंद ठाण्याबाहेर किमान तीन ठिकाणी झाली पाहिजे. प्रामाणिक चालकालाही अशा नोंदींनीच संरक्षण मिळतं.

आधी हे माहीत असू द्या: सायरनची सवलत

२०१७ च्या मोटार वाहन चालवण्याच्या विनियमांनुसार तातडीच्या कामावरच्या अग्निशमन, रुग्णवाहिका आणि पोलीस गाड्यांना सिग्नल किंवा वेगमर्यादा ओलांडायची सवलत आहे. ती सवलत काम खरोखर तातडीचं असताना, दिवा आणि सायरन चालू असताना आणि इतरांच्या सुरक्षिततेची काळजी घेऊनच वापरायची असते. साहेबांना सोडायला किंवा गाडी धुवायला निघालेल्या चालकाला ती लागू होत नाही. त्यामुळे दिवा चालू होता का, सायरन वाजत होता का, हे पाहणाऱ्याने लगेच लक्षात ठेवावं.

१. जखमीला हलवा आणि कॉलची वेळ जपून ठेवा

रुग्णवाहिकेसाठी १०८ आणि पोलिसांसाठी ११२ लावा. पोलीस समोर उभे असले तरी ११२ लावाच, कारण त्या कॉलची नोंद गावाबाहेर होते. ही तुमची पहिली बाहेरची नोंद. कॉल केलेल्या मोबाइलच्या यादीचा स्क्रीनशॉट काढा.

मदत करणाऱ्याने घाबरू नये. मोटार वाहन कायद्याच्या कलम १३४अ प्रमाणे मदत करणाऱ्यावर त्या मदतीमुळे खटला भरता येत नाही. त्याला नाव सांगायची किंवा साक्षीदार व्हायची सक्ती करता येत नाही. सांगायचं असेल तर ते त्याच्या इच्छेने.

२. गाडी आणि जागा टिपा

पुढच्या काही मिनिटांत मोबाइलवर एवढं घ्या:

- गाडीचा क्रमांक, पुढचा भाग, फुटलेली काच, चेपलेला पत्रा
- चालकाच्या जागेवर कोण बसलं होतं, गणवेशावरची नावाची पट्टी
- ब्रेकच्या खुणा, रक्ताचे डाग, पडलेली चप्पल किंवा पिशवी, आणि ओळखीची खूण येईल असं लांबून एक चित्र
- रस्त्याकडे तोंड असलेले दुकानांचे कॅमेरे

कॅमेऱ्यातलं जुनं चित्रण काही दिवसांत आपोआप पुसलं जातं. म्हणून दुकानदाराला त्याच दिवशी भेटून चित्रणाची प्रत मागा.

गर्दीला शांत ठेवणं हेही पुरावा जपण्याचंच काम आहे. एक दगड उचलला गेला की धडकेचा गुन्हा मागे पडतो आणि गावातल्या पोरांवरचे गुन्हे पुढे येतात. गाडी अडवू नका, पण ती पंचनाम्याआधी हलवली तर हलवण्याची वेळ आणि हलवणारा टिपा.

३. दवाखान्यात ‘एमएलसी’ (वैद्यकीय-कायदेशीर नोंद) करून घ्या

प्राथमिक आरोग्य केंद्र, केजचं उपजिल्हा रुग्णालय किंवा अंबाजोगाईचं स्वामी रामानंद तीर्थ ग्रामीण शासकीय वैद्यकीय महाविद्यालय, जिथे न्याल तिथे डॉक्टरांना ‘पोलीस वाहनाची धडक’ असं स्पष्ट सांगा आणि केसपेपरवर तसंच लिहायला लावा. ‘पडून लागलं’ एवढंच लिहिलं गेलं तर पुढे ते पुसून काढणं फार कठीण जातं. ही दुसरी नोंद.

खर्चाच्या भीतीने उपचार थांबवू नका. मे २०२५ पासून लागू झालेल्या केंद्राच्या योजनेत रस्ते अपघातातल्या जखमीला निर्धारित रुग्णालयात पहिल्या ७ दिवसांत १.५ लाख रुपयांपर्यंत विनारोकड उपचार मिळतात.

चालकाने दारू घेतल्याचा संशय असेल तर त्याची रक्ततपासणी ताबडतोब करावी, अशी लेखी मागणी करा. १०० मिलीलीटर रक्तात ३० मिलिग्रॅमपेक्षा जास्त मद्यार्क हा गुन्हा आहे आणि वेळ जाईल तसं ते प्रमाण उतरतं. मे २०२४ मधल्या पुण्याच्या कल्याणीनगर अपघातात ससून रुग्णालयात रक्ताचा नमुना बदलल्याचा आरोप झाला. तो उघड झाला दुसऱ्या रुग्णालयात घेतलेल्या नमुन्यामुळे. त्याच प्रकरणात येरवडा ठाण्याचे दोन अधिकारी निलंबित झाले. दुसऱ्या जागेची नोंद एवढी मोलाची असते.

४. फिर्याद द्या आणि प्रत घ्या

फिर्याद केज ठाण्यात द्या. ते शक्य नसेल तर हद्द न पाहता कुठल्याही ठाण्यात ‘झिरो’ क्रमांकाने द्या. १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहितेची कलमं लागतात: बेदरकार वाहन चालवणं २८१, दुखापत किंवा गंभीर दुखापत १२५, मृत्यू झाला तर १०६(१). शेवटच्या कलमात ५ वर्षांपर्यंत शिक्षा आहे.

फिर्यादीत तारीख, वेळ, जागा, गाडीचा क्रमांक, दिशा, वेगाचा अंदाज, दिवा-सायरनची स्थिती आणि साक्षीदार लिहा. पाहिलं तेवढंच लिहा. प्रत मोफत मिळणं हा भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३(२) प्रमाणे हक्क आहे. काही गुन्ह्यांत उपअधीक्षकांच्या परवानगीने १४ दिवसांची प्राथमिक चौकशी करता येते. तसं सांगितलं गेलं तर त्या परवानगीची तारीख विचारा.

ठाण्याने फिर्याद घेतली नाही तर तीच फिर्याद कलम १७३(४) प्रमाणे बीडच्या पोलीस अधीक्षकांना रजिस्टर टपालाने पाठवा. तिथेही काही झालं नाही तर न्यायदंडाधिकाऱ्यांकडे जाता येतं.

५. पुरावा राखण्याचा आणि तपास बदलण्याचा अर्ज

फिर्याद घेतली गेली असली तरी त्याच दिवशी पोलीस अधीक्षकांना एक अर्ज करा आणि उपविभागीय पोलीस अधिकारी, केज यांना त्याची प्रत द्या. ही तिसरी नोंद. मजकूर साधा ठेवा:

“दिनांक … रोजी … वाजता नांदूरघाट येथे शासकीय वाहन क्रमांक … ची श्री./श्रीमती … यांना धडक बसली. वाहन पोलीस खात्याचे असल्याने तपास संबंधित ठाण्याबाहेरील अधिकाऱ्याकडे द्यावा. वाहनाचे लॉगबुक, स्टेशन डायरी, बिनतारी संदेशांची नोंद, ठाण्यातील सीसीटीव्ही चित्रण व जीपीएस असल्यास त्याची नोंद जतन करावी. वाहनाची दुरुस्ती मोटार वाहन निरीक्षकांच्या तपासणीपूर्वी करू नये.”

ठाण्यातल्या सीसीटीव्हीची मागणी अवाजवी नाही. २ डिसेंबर २०२० च्या परमवीर सिंग सैनी निकालात सर्वोच्च न्यायालयाने प्रत्येक ठाण्यात कॅमेरे लावून चित्रण जपण्याचा आदेश दिलेला आहे. अर्जावर आवक क्रमांक आणि शिक्का घेतल्याशिवाय कार्यालय सोडू नका.

६. माहिती अधिकार वापरा

अधीक्षक कार्यालयाच्या जन माहिती अधिकाऱ्याकडे १० रुपयांच्या कोर्ट फी स्टॅम्पसह अर्ज करा. महाराष्ट्रात अर्ज एकाच विषयाचा आणि १५० शब्दांच्या आतला लागतो. लॉगबुकचं त्या दिवसाचं पान, वाहन कोणत्या कामावर होतं याची नोंद आणि चालकाच्या नेमणुकीचा आदेश मागा. उत्तराची मुदत ३० दिवस, त्यानंतर पहिलं अपील. ‘तपासाला अडथळा येईल’ म्हणून नकार आला तर अडथळा कसा येतो हे दाखवायची जबाबदारी त्या अधिकाऱ्यावर असते.

७. भरपाईचा दावा सहा महिन्यांत

सरकारी कामाच्या गाड्यांना विम्याच्या सक्तीतून मोटार वाहन कायद्याच्या कलम १४६ मध्ये सूट आहे. म्हणून विमा कंपनी शोधत बसू नका. विमा नसेल तर दावा चालक आणि महाराष्ट्र शासनावर करायचा. ‘सरकारवर दावा चालत नाही’ असं कुणी सांगितलं तर राजस्थान सरकार विरुद्ध विद्यावती हा १९६२ चा निकाल दाखवा. उदयपूरला जिल्हाधिकाऱ्यांची जीप दुरुस्तीहून परत आणताना चालकाने पदपथावरून चालणाऱ्या माणसाला उडवलं होतं. सर्वोच्च न्यायालयाने सरकारला जबाबदार धरलं.

चालकाची चूक सिद्ध न करता त्याच कायद्याच्या कलम १६४ खाली मृत्यूसाठी ५ लाख आणि गंभीर दुखापतीसाठी २.५ लाख रुपये मागता येतात. चूक दाखवून कलम १६६ खाली मिळकत, वय आणि खर्चानुसार जास्त मागता येतं. कलम १६६ च्या दाव्याला कायद्याने अपघातापासून ६ महिन्यांची मुदत दिली आहे. तपास अधिकाऱ्याने ४८ तासांत पहिला आणि ९० दिवसांत सविस्तर अपघात अहवाल मोटार अपघात दावा न्यायाधिकरणाला द्यायचा असतो. तो गेला का, हे लेखी विचारा. वकिलासाठी जिल्हा विधी सेवा प्राधिकरण आहे, हेल्पलाइन १५१००. स्त्रिया, मुलं आणि अनुसूचित जाती-जमातींच्या व्यक्तींना मिळकतीची अट न लावता मोफत मदत मिळते.

८. खात्याबाहेर तक्रार

सर्वोच्च न्यायालयाच्या २२ सप्टेंबर २००६ च्या प्रकाश सिंग निकालानंतर महाराष्ट्राने २०१४ मध्ये पोलीस कायदा दुरुस्त करून राज्य आणि विभागीय पोलीस तक्रार प्राधिकरणाची तरतूद केली. गंभीर दुखापत आणि अधिकाराचा गंभीर गैरवापर हे विषय त्यांच्या कक्षेत येतात. तिथे शिक्षेची मागणी करण्यापेक्षा नोंदी दडवल्या, फिर्याद टाळली, दबाव आणला, हे कागदांनिशी मांडा.

९. रस्ता दुरुस्त करून घ्या

शेवटचं काम गावाचं. ग्रामसभेत ठराव करा: शाळा, बसथांबा आणि दवाखान्यापुढे झेब्रा पट्टे, वेगमर्यादेचे फलक, पथदिवे आणि इंडियन रोड्स काँग्रेसच्या मापाचा गतिरोधक, म्हणजे सुमारे ३.७ मीटर रुंद आणि १० सेंटिमीटर उंच. अरुंद, उभा उंचवटा दुचाकीस्वारांचा जीव घेतो. ठरावाची प्रत सार्वजनिक बांधकाम विभागाला आणि जिल्हाधिकाऱ्यांच्या रस्ता सुरक्षा समितीला पाठवा. त्याच ठरावात पोलीस अधीक्षकांकडे मागणी करा की, वस्तीतून जाताना तातडी नसलेल्या पोलीस गाड्यांनीही वेगमर्यादा पाळावी, तसा लेखी आदेश निघावा आणि तो चौकात लागावा.

प्रत्येक अर्जाची पोच, पावती आणि तारीख एकाच फाइलमध्ये ठेवा आणि तिची दुसरी प्रत दुसऱ्या घरी ठेवा. दर महिन्याच्या ठरलेल्या तारखेला एका माणसाने ती उघडून उत्तर न आलेल्या प्रत्येक अर्जाचं स्मरणपत्र पाठवावं. गाडी शासनाची, इंधन जनतेच्या कराचं आणि रस्त्याने चालणारा माणूस त्याच जनतेतला. तेव्हा उत्तर मागणं हा त्याचा हक्क आहे, आणि ते मिळेपर्यंत मागत राहणं हे गावाचं काम आहे.