‘पिग्मॅलियन’ ते ‘ती फुलराणी’ : पडद्यावरून भाषेचा धडा

मित्रांनो, इंजिनिअरिंग कॉलेजच्या अंकात जुन्या ब्रिटिश नाटक-सिनेमांवर लेख कशाला, असं तुम्हाला वाटेल. कारण साधं आहे. शेवटच्या वर्षाला कॅम्पस इंटरव्ह्यू सुरू झाले, की गटचर्चेत आपल्यातली कितीतरी हुशार मुलं गप्प बसतात. विषय येत नाही म्हणून नव्हे, तर तोंड उघडलं की आपण कुठले ते समोरच्याला कळेल म्हणून. मी इंदापूर तालुक्यातल्या कळसचा. दहावीपर्यंत मराठी माध्यम. त्यामुळे ही भीती मला पुस्तकात वाचावी लागली नाही. पण याच भीतीवर शंभर वर्षांपूर्वी एक नाटक लिहिलं गेलं, त्याचे सिनेमे झाले, मराठी रूप झालं आणि सीडी-डीव्हीडीमुळे ते घरात बसून अभ्यासता आलं. त्याचीच ही ओळख.

मूळ नाटक आणि त्याचं गोत

जॉर्ज बर्नार्ड शॉ यांचं ‘पिग्मॅलियन’ प्रथम १९१३ साली व्हिएन्नात जर्मन भाषेत झालं आणि १९१४ साली लंडनमध्ये इंग्रजीत. हिगिन्स नावाचा ध्वनिशास्त्राचा प्राध्यापक पावसात आडोशाला उभ्या असलेल्या माणसांचं बोलणं टिपून घेतो आणि कोण कुठल्या भागातला ते सांगतो. एलायझा या फुलं विकणाऱ्या मुलीला काही महिन्यांत उच्चभ्रू बाईसारखं बोलायला शिकवीन, अशी त्याची पैज लागते.

१९३८ साली यावर लेस्ली हॉवर्ड आणि वेंडी हिलर यांचा ब्रिटिश सिनेमा आला. त्याच्या पटकथेसाठी शॉ यांना ऑस्कर मिळालं. साहित्याचं नोबेल त्यांना आधीच, १९२५ सालचं मिळालेलं होतं. १९५६ साली ‘माय फेअर लेडी’ हे संगीत नाटक आणि १९६४ साली त्यावरचा सिनेमा. आठ ऑस्कर मिळवणारा हा सिनेमा दिसायला अस्सल लंडनचा, पण ते सगळं लंडन कॅलिफोर्नियातल्या स्टुडिओत उभं केलेलं होतं.

आणि १९७५ साली पु. ल. देशपांडे यांनी ‘ती फुलराणी’ लिहिलं. भक्ती बर्वे यांची मंजुळा आणि सतीश दुभाषी यांचा प्राध्यापक. गुजरातीत ‘संतु रंगीली’, हिंदीत १९८० चा ‘मनपसंद’ आणि मराठीत २०२३ चा ‘फुलराणी’ सिनेमा, हे सगळे याच गोतातले.

रूपांतर म्हणजे काय ते इथे कळतं

एलायझाची अडचण इंग्रजी ‘ह’ची. ती असेल तिथे खाते आणि नसेल तिथे लावते. हे मराठीत शब्दशः आणून उपयोग नाही, कारण आपल्याकडे ‘ह’वरून कोणी कोणाची लायकी ठरवत नाही. आपल्याकडे ती ठरते ‘न’ आणि ‘ण’वरून, ‘स’ आणि ‘श’वरून. पु. लं.नी नेमकी हीच नस पकडली. मंजुळा ‘अशोक’ला ‘असोक’ म्हणते आणि बोलणाऱ्या बाईचं सगळं जग उभं राहतं. शब्द बदलला, जखम तीच राहिली. चांगलं रूपांतर यालाच म्हणायचं.

आमच्याकडे ‘पानी’, ‘साळा’, ‘आनि’ सर्रास चालतं. एका स्पर्धेत माझ्या ‘पानी’वर मागच्या रांगा हसल्या होत्या. आता यातलं शास्त्र पाहा. ‘न’ म्हणताना जिभेचं टोक दाताच्या मागे टेकतं. ‘ण’ म्हणताना ते वर वळून टाळूला लागतं. फरक जिभेच्या टोकाचा, फार तर बोटभर अंतराचा! त्यात अक्कल, संस्कार, घराणं कुठे आलं? पण समाज त्या बोटभर अंतरावर माणसाची किंमत लावतो. शॉ यांचं म्हणणं तेच आहे.

हिगिन्सची लॅब

आपल्या शाखांच्या मुलांना दुसरा अंक जास्त आवडेल. हिगिन्सचा दिवाणखाना म्हणजे चक्क प्रयोगशाळा आहे. फोनोग्राफ, मेणाची नळकांडी, ट्यूनिंग फोर्क, घसा पाहण्याचं यंत्र. १९६४ च्या सिनेमात एलायझाला ‘ह’ शिकवायला गॅसच्या ज्योतीचं उपकरण वापरलंय. ‘ह’ नीट आला की श्वासाने ज्योत उसळते. ज्योतीवरून आवाज ‘पाहण्याची’ ही कल्पना एकोणिसाव्या शतकातल्या रुडॉल्फ कोनिग यांची. ऑसिलोस्कोप येण्याआधीचा ऑसिलोस्कोपच म्हणा ना.

आणखी एक गंमत. हिगिन्स झालेल्या रेक्स हॅरिसन यांनी गाणी आधी रेकॉर्ड करून ओठ हलवायला नकार दिला. मग टायमध्ये बिनतारी मायक्रोफोन लपवून ती सेटवरच रेकॉर्ड केली. उलट एलायझा झालेल्या ऑड्री हेपबर्न यांची बहुतेक गाणी मार्नी निक्सन यांच्या आवाजात आहेत. मुलीला स्वतःचा आवाज सापडण्याची गोष्ट, आणि पडद्यावर आवाज दुसरीचा!

डिस्कने काय दिलं?

आमच्या घरी दादाने जपलेला डीव्हीडी प्लेअर अजून चालतो. व्हीसीडी आणि डीव्हीडी यांतला फरक बहुतेकांना ‘चित्र स्वच्छ दिसतं’ एवढाच माहीत असतो. व्हीसीडीत एमपेग-१ पद्धतीने ३५२ × २८८ चं चित्र आणि साधारण ७४ मिनिटं मावतात. म्हणजे १७० मिनिटांच्या ‘माय फेअर लेडी’ला तीन डिस्क! डीव्हीडीत एमपेग-२, ७२० × ५७६ चं चित्र, एका थरात ४.७ जीबी जागा. पण अभ्यासाच्या दृष्टीने खरा फरक वेगळा आहे. डीव्हीडीवर ८ ध्वनिपट्ट्या आणि ३२ सबटायटल-पट्ट्या ठेवायची सोय असते. हव्या तेव्हा लावा, नको तेव्हा काढा.

त्यातही, डीव्हीडीची सबटायटल्स ही अक्षरं नसून छोटी चित्रं असतात, मूळ चित्रावर ठेवलेली. म्हणजे फॉन्टची कटकटच नाही. ‘क्ष’ असो वा ‘ज्ञ’, जोडाक्षर फुटणार नाही. एवढी सोय असूनही मी पाहिलेल्या एकाही ब्रिटिश डिस्कवर मराठी पट्टी नव्हती. अडचण तंत्राची नव्हती. आपल्याला कोणी गिऱ्हाईक धरलं नव्हतं, आणि आपणही मागितलं नाही.

अभ्यास कसा करावा?

सीडी लायब्ऱ्या आता इतिहासजमा झाल्या, पण पद्धत मोबाइलवरही तीच चालते.

१) आधी अख्खा सिनेमा इंग्रजी सबटायटल लावून पाहा. प्रत्येक शब्द कळलाच पाहिजे असा हट्ट नको.

२) मग एकच पाच मिनिटांचा प्रवेश निवडा आणि सबटायटल बंद करा. प्लेअरला ‘ए-बी रिपीट’चं बटण असेल तर तेवढाच तुकडा फिरत ठेवा.

३) तोच संवाद स्वतःच्या आवाजात मोबाइलवर रेकॉर्ड करून ऐका. आपल्या ‘व’कडे लक्ष द्या. इंग्रजीत दोन वेगळे ध्वनी आहेत : ‘व्हेरी’ला वरचे दात खालच्या ओठाला लागतात, ‘वेल’ला ओठ नुसते गोल होतात.

४) शेवटी तोच प्रवेश आपल्या बोलीत, घरी सांगतो तसा सांगा. जमला, तर तुम्हाला तो कळला.

सरावाला एलायझाच पाहिजे असं नाही. बीबीसीची १९९५ ची सहा भागांची ‘प्राइड अँड प्रेज्युडिस’ही चालेल. फक्त तिथला थाट उचलू नका. इंटरव्ह्यूला लॉर्डसाहेब नको असतो, स्पष्ट बोलणारा इंजिनिअर हवा असतो. आणि डिस्कची मोठी सोय म्हणजे ती शंभरदा मागे नेली तरी हसत नाही.

शेवटाचं भांडण

एलायझा पैज जिंकून देते, पण हिगिन्सचं अभिनंदन होतं, तिला कोणी विचारत नाही. ती भडकते आणि निघून जाते. शॉ यांना हाच शेवट हवा होता. पण १९१४ मध्ये हिगिन्स झालेल्या बिअरबोम ट्री यांनी शेवटी तिच्याकडे फुलं फेकून प्रेमकथा सुचवली आणि शॉ संतापले. पुढे त्यांनी पुस्तकात पुरवणी जोडून सांगितलं, की एलायझाचं लग्न फ्रेडीशी झालं. तरी १९३८ आणि १९६४ च्या दोन्ही सिनेमांत ती हिगिन्सकडे परत येते.

मला शॉ यांची बाजू पटते. हिगिन्सने तिला उच्चार दिले, किंमत दिली नाही. ती तिची आधीपासूनच होती. फुलं विकतानाही ती स्वतःच्या कष्टाचं खात होती आणि शिकवणीचे पैसे द्यायला स्वतःहून आली होती.

तेव्हा मित्रांनो, ‘ण’ शिकू या, इंग्रजीचे दोन्ही ‘व’ शिकू या. ते कौशल्य आहे. वेल्डिंग किंवा कोडिंग शिकतो तसं शिकायचं. पण त्यापायी घरी आईशी बोलताना ‘पानी’ म्हणायची लाज वाटू लागली, तर पैज हिगिन्स जिंकला आणि आपण हरलो असं समजा. आणि पुढच्या गटचर्चेत पहिलं वाक्य तुम्ही बोला. मोडकं असलं तरी चालेल.