ज्येष्ठांचा शब्द आणि कनिष्ठांची वाट

मार्गातील तरुणांना वाढविताना ज्येष्ठांनी काय बोलावे आणि कोठे थांबावे, हा प्रश्न आश्रमात व वासनिकांच्या घरी सारखाच उभा राहतो. त्या दृष्टीने कवीश्वर भास्करभट्ट बोरीकर यांची सर्वपरिचित कथा पुन्हा पाहण्यासारखी आहे. ‘शिशुपालवधा’ला लागलेला बोल म्हणून ती आपण सांगतो; तीतील ज्येष्ठाची रीत मात्र दुर्लक्षित राहते.

भास्करभट्टांनी ग्रंथ पूर्ण करून ज्येष्ठ गुरुबंधू भावे देवव्यास यांना दाखविला. कथा शिशुपालाच्या वधाची. परंतु कवीची वाणी रमली ती श्रीकृष्णचक्रवर्ती व रुक्मिणीदेवी यांच्या प्रेमकलहात आणि शृंगारात. देवव्यासांनी ग्रंथ चांगला उतरल्याचे आधी सांगितले. मग तो निवृत्तांच्या योग्य नाही, प्रवृत्तांना रुचेल असा आहे, हेही सांगितले. पहिले वाक्य केवळ उपचाराचे नव्हे. ज्याला कवित्वातले गुण दिसतात, त्याच्याच तोंडी दोष ऐकून घेतला जातो. आणि दुसऱ्या वाक्यात दोष कवित्वाला दिलेला नाही, कवीलाही नाही. ग्रंथ आणि कर्त्याने पत्करलेला मार्ग यांतील अंतर तेवढे दाखविले आहे. लेखणी टाक, असे देवव्यास म्हणाले नाहीत. (आपल्याकडे आजही एखाद्या तरुण साधूचा गळा गोड निघाला की पहिला उपदेश गप्प बसण्याचाच होतो!)

पुढे भास्करभट्टांनी भागवताच्या एकादश स्कंधावर ‘उद्धवगीता’ रचली. ओवी तीच, हात तोच, विषय वैराग्याचा. काव्य म्हणून रसिक ‘शिशुपालवधा’लाच वरचे स्थान देतात, हे प्रांजळपणे मान्य केले पाहिजे. वाढीला कधी कधी अशी किंमत पडते. तथापि पहिला ग्रंथ कोणी नष्ट केला नाही. साती ग्रंथांत दोन्ही मानाने बसले आहेत, आणि कवीश्वराम्नायाला तर नावच या कवीच्या उपाधीवरून मिळाले.

आता मुख्य मुद्दा. देवव्यासांनी लावलेले माप स्वतःच्या आवडीचे नव्हते. निवृत्तीचा मार्ग भास्करभट्टांनी आपण होऊन पत्करला होता, तेच माप त्यांच्यापुढे धरले गेले. म्हणून तो शब्द बोचला असला तरी परका वाटला नाही. नरेंद्रकवीने रामदेवराय यादवाला आपले ‘रुक्मिणीस्वयंवर’ त्याच्या नावावर करून देण्यास नकार दिला, तोही असाच स्वतःचे माप जाणणारा पुरुष.

हे ध्यानी घेतले तर वासनिकाच्या मुलाला निवृत्ताचे माप लावणे गैर ठरते. तो पुण्यास यंत्रशाळेत नोकरीस गेला, गाणे शिकू लागला, तर त्याने नेमधर्म किती सांभाळला हे विचारावे. साधूसारखा का राहत नाही, हे विचारू नये. आणि जी मुले लहानपणीच आश्रमात अर्पण केली जातात, त्यांचे काय? त्यांनी अद्याप काहीच निवडलेले नसते. निवड आईबापांची असते. अशा मुलाला जाणत्या वयात आचार्यांनी एकांती, आईबापांच्या माघारी, स्पष्ट विचारले पाहिजे. त्याने गृहस्थाश्रम हवा म्हटले, तर त्याच्या शिक्षणाची सोय लावून त्याला घरी पोचवावे, आणि पुढल्या यात्रेस तो आला म्हणजे पंक्तीत इतर उपदेशींच्या बरोबरीने त्याचे पान मांडावे.