बोटाचे दुखणे आणि नोंदीची शिस्त

रोग्याला औषध देणे हे वैद्याचे मुख्य काम आणि त्याची हकीकत लिहून ठेवणे हे गौण काम, असा समज सर्वसाधारणपणे आढळतो. हा समज कितपत खरा आहे, हे एका लहानशा विकाराच्या उदाहरणाने तपासून पाहू.

या विकारास डॉक्टर ‘ट्रिगर फिंगर’ म्हणतात. ट्रिगर म्हणजे बंदुकीचा चाप. मिटलेले बोट तसेच अडकून राहते व जोर केला की खट्कन सुटते, म्हणून हे नाव पडले. आल्फाँस नोता या फ्रेंच शल्यवैद्याने १८५० साली या विकाराचे वर्णन केले. बोटे मिटविणारे मुख्य स्नायू कोपराच्या खालच्या भागात असतात. त्यांची ओढ कंडरा नावाच्या बळकट दोऱ्या बोटांपर्यंत पोचवितात. वाटेत या कंडरा हाडालगतच्या कड्यांतून जातात. नाडीला गाठ पडली म्हणजे ती जशी नेफ्याच्या तोंडाशी अडते, तशीच बोटाच्या मुळाशी असलेली पहिली कडी जाड झाली व कंडरा सुजली म्हणजे बोट अडते. स्त्रियांत व मधुमेही माणसांत हा विकार अधिक आढळतो. विश्रांती, आधाराची पट्टी, स्टेरॉइडचे इंजेक्शन आणि यांनी गुण न आल्यास ती कडी छेदून मोकळी करणे, असा उपचारांचा क्रम असतो.

आता नोंदीकडे वळू. निरनिराळ्या देशांतील रोगांची तुलना करावयाची तर एका रोगास सर्वत्र एकच नाव हवे. या हेतूने झाक बर्तियों यांनी १८९३ साली शिकागो येथे मृत्यूच्या कारणांची वर्गवारी मांडली. १९४८ पासून हे काम जागतिक आरोग्य संघटनेकडे आले. वर्गवारीची दहावी आवृत्ती १९९० साली मान्य झाली. तिचे विस्तारित रूप अमेरिकेत १ ऑक्टोबर २०१५ पासून रोगनिदानाच्या नोंदीसाठी लागू झाले. अकरावी आवृत्ती १ जानेवारी २०२२ पासून अमलात आली असली, तरी अमेरिकेतील रुग्णालये अद्याप दहावीचेच ते रूप वापरतात.

त्यात आपल्या विकाराचा मूळ संकेतांक ‘एम ६५.३’ असा आहे. पुढचा आकडा बोट सांगतो: अंगठा १, तर्जनी २, मध्यमा ३, अनामिका ४ व करंगळी ५. शेवटचा आकडा हात सांगतो: उजवा १, डावा २ आणि हाताचा उल्लेखच नसेल तर ९. म्हणून उजव्या अनामिकेचा विकार ‘एम ६५.३४१’ होय. कडी छेदण्याच्या शस्त्रक्रियेचा अमेरिकेतील क्रमांक २६०५५ आहे. त्याला बोट दाखविणारे निराळे चिन्ह जोडावे लागते, आणि नवशिका फसतो तो येथेच. या चिन्हांत गणना डाव्या हातापासून होते. डावा अंगठा ‘एफए’, डावी तर्जनी ‘एफ१’, डावी करंगळी ‘एफ४’. पुढे उजवा अंगठा ‘एफ५’ आणि उजवी करंगळी ‘एफ९’. म्हणजे निदानात ४ असलेली उजवी अनामिका शस्त्रक्रियेच्या चिन्हात ‘एफ८’ होते!

हे आकडे मांडणाऱ्याने रोग्यास पाहिलेले नसते; डॉक्टरांचे टिपण हेच त्याचे डोळे. टिपणात ‘तिसरे बोट’ एवढेच असेल, तर अंगठा धरून तिसरे की सोडून? अशा वेळी तर्काने आकडा बसविण्याची त्यास मुभा नाही. डॉक्टरांनाच विचारले पाहिजे. कोणते बोट, कोणता हात, ते किती वेळा अडकते, आधी कोणते उपचार केले व त्यांचा गुण किती आला, हे सारे टिपणात स्पष्ट हवे. नसेल तर विमा कंपनी पैसे नाकारते आणि तो भार पुष्कळदा रोग्याच्या कुटुंबावर येऊन पडतो.

परंतु प्रश्न केवळ पैशाचा नाही. अमेरिकेतील बोस्टन शहरी एका पासष्ट वर्षांच्या स्त्रीच्या डाव्या हाताच्या अडकणाऱ्या बोटावर शस्त्रक्रिया व्हावयाची होती. हातावर खूण केलेली होती, परंतु छेद घ्यावयाच्या नेमक्या जागी नव्हती. शस्त्रक्रियेपूर्वी सर्वांनी थांबून नाव, जागा व कृती पडताळावयाची असते. तेही रीतसर झाले नाही. शल्यविशारदाने बोटाऐवजी मनगटातील मज्जातंतू मोकळा करण्याची निराळीच शस्त्रक्रिया केली. चूक लक्षात आली केव्हा? थोड्या वेळाने शस्त्रक्रियेचा वृत्तान्त सांगून लिहविताना! त्यांनी ताबडतोब रोग्यास सत्य सांगितले, क्षमा मागितली आणि तिच्या संमतीने योग्य ती शस्त्रक्रिया केली. पुढे २०१० साली हा सारा प्रकार एका विख्यात वैद्यकीय नियतकालिकात त्यांनी स्वतः प्रसिद्ध केला, हेतू हा की इतरांनी सावध व्हावे.

या घटनेतून दोन गोष्टी स्पष्ट होतात. शस्त्रक्रियेपूर्वीची खूण ही देखील एक नोंदच आहे, आणि ती अपुरी राहिली तर निष्णात हातही चुकतो. दुसरी गोष्ट अशी की, प्रामाणिकपणे लिहू लागलेल्या माणसास त्याचे लेखनच चूक दाखवून देते.

आज हैदराबादसारख्या शहरी अनेक तरुण अमेरिकन रुग्णालयांसाठी हे संकेतांकनाचे काम करून चरितार्थ चालवितात. विद्यार्थी मित्रांनो, तुमच्यापैकी कोणी उद्या त्या कामात शिरेल, कोणी डॉक्टर वा परिचारिका होईल. प्रयोगवहीत निरीक्षण लिहिताना, भूमितीत आकृतीस अक्षरे देताना जी काटेकोर सवय आज लागते, तीच तेथे उपयोगी पडणार आहे. आपल्या भाषेने एका बोटाला ‘अनामिका’ म्हटले आहे खरे. पण कागदावर मात्र तिचे नाव आणि तिचा हात, दोन्ही लिहावयास विसरू नये.