चित्रकला बेताची, तरी व्हिडिओ जमेल?

प्रश्न : मी शिकवणीत विज्ञान शिकवते. पांढऱ्या फळ्यावर चित्र उमटत जाणारे व्हिडिओ करायचे आहेत. पण चित्रकला बेताची, सॉफ्टवेअर महाग. काय करू?
— एक शिक्षिका, चिक्कडपल्ली, हैदराबाद

उत्तर : ताई, काडीची माणसं, बाण, चौकटी एवढं आलं तरी पुरे. महागड्या सॉफ्टवेअरवाचूनही अडत नाही. चित्रपटकार दादासाहेब फाळक्यांनी वाटाण्याच्या रोपाची वाढ एकेक फ्रेम टिपूनच दाखवली होती; तुम्हाला तर तेवढंही करायला नको. आधी निवेदन ध्वनिमुद्रित करा. सुरुवातीला दीड-दोन मिनिटांचंच. फळा टेबलावर आडवा ठेवून फोन वर स्टँडला लावा, सलग चित्रण करा आणि निवेदनाला जुळेल इतका वेग वाढवा. फोकस आणि एक्स्पोजर लॉक करा, नाहीतर हात आत आला की उजेड कमी-जास्त होतो. ट्यूबलाइट डोक्यावर नको, फळा चमकतो. सिनेमाचं संगीत मात्र टाळा. कॉपीराइटची तक्रार येऊ शकते.